रायफलीला रेल लावायच्या आधी

ब्रह्मपुरीकडच्या एका ओळखीच्या पोराने परवा रात्री चार फोटो पाठवले. काळ्या ॲल्युमिनियमचे, भोकाभोकांचे, लांबलचक हॅन्डगार्ड. खाली प्रश्न: "भाऊ, बाबाच्या तीनशे पंधराले यातला कोणता बसते गा?" वडील गेल्यावर परवाना आता त्याच्या नावावर झालाय. शेती धानाची, जंगलाला लागून.

उत्तर त्याला एकट्याला देता आलं असतं. पण हाच प्रश्न वर्षभरात तिसऱ्यांदा आला, आणि गोष्ट नुसत्या रेलची नाही, म्हणून इथे लिहितोय.

सरळ उत्तर: चारातला एकही नाही.

यूट्यूबवर जी रायफल दिसते ती अमेरिकेतली एआर-१५. तिच्यात हॅन्डगार्ड म्हणजे नळीभोवतीचं एक भोंगळं. मागे नळीच्या बुडाशी असलेल्या नटावर ते कसतात, पुढे नळीला कुठेच टेकत नाही. हाताची पकड, खालच्या दोन पायांच्या स्टँडचा भार, सगळं त्या भोंगळ्यावर जातं आणि नळी मोकळी राहते. त्यामुळे प्रत्येक गोळीला नळी सारखीच थरथरते आणि नेम टिकतो. त्यावर दातेरी पट्टी असेल तर ती पिकॅटिनी, १९९५ पासून अमेरिकन सैन्याचं ठरलेलं माप. नुसत्या खाचा असतील तर एम-लॉक. त्यात जिथे हवा तिथेच तुकडा बसवता येतो, म्हणून वजन कमी. नवी रायफल घेणारा अमेरिकन माणूस या दोन्हींत घोळ घालत बसतो, त्याचं त्याला ठीक आहे. आपल्याकडे तसली सेमी-ऑटोमॅटिक रायफल साध्या परवान्यावर मिळतच नाही.

आपली तीनशे पंधरा बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली. बोल्ट ओढायची, ली-एनफिल्डच्या घडणीची. इंग्रजांना लष्कराचं थ्री-नॉट-थ्रीचं काडतूस लोकांच्या हाती जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून नागरिकांसाठी हे वेगळं माप आलं. इंग्रज गेले, माप राहिलं. या रायफलीला भोंगळं कसायला तसला नट नाही. तिचं हॅन्डगार्ड म्हणजे तिचं लाकूडच. ते काढून काही नवं बसवायचं तर लेथवर काम करून घ्यावं लागतं, आणि एखादा हौशी मिस्त्री जिथे काडतूस फुटतं त्या जागेजवळ ड्रिल घालून मोकळा होतो. डोळ्यापासून वीतभर अंतरावरची ती जागा. शिवाय हत्यारात फेरफार आणि दुरुस्ती परवानाधारक बंदूकवाल्याकडूनच करायची असते, वेल्डिंगच्या दुकानात नाही.

मग करायचं काय? आधी लाकूड पाहा. आपल्या पावसाळ्यात ते फुगतं, नळीला एका बाजूने दाबतं, आणि जानेवारीत बरोबर बसणारी गोळी ऑगस्टमध्ये हातभर बाजूला जाते. माणूस म्हणतो रायफल म्हातारी झाली. रायफल काही म्हातारी झालेली नसते, लाकूड प्यायलेलं असतं. ते सुकवून, जिथे घासतं तिथे जाणत्या माणसाकडून हलकं करून, जवसाचं तेल पाजायचं. धानाच्या बांधीत उतेरा म्हणून जवस टाकणाऱ्या आपल्या लोकांना हे तेल परदेशातून मागवायची गरज नाही.

एवढं करूनही रेल हवीच असेल, तर वीतभर लांबीचा पिकॅटिनीचा तुकडा लाकडाच्या खालच्या अंगाला, लाकडातून आरपार स्क्रूने. नळीला आवळायचा क्लॅम्प नको, त्याच्या वजनाने नेम बदलतो. छऱ्याच्या एअरगनची अकरा मिलिमीटरची गुळगुळीत रेल स्वस्त दिसते, तीही नको. तीनशे पंधराच्या झटक्याने वरची वस्तू सरकत जाते. पिकॅटिनीच्या आडव्या खाचा तेवढ्यासाठीच असतात.

आता खरा मुद्दा. त्याला रेल कशाला हवी? टॉर्च लावायला. म्हणजे जागलीला.

धान निसवलं की रानडुक्कर येतं. एका रात्रीत बांधी लोळवून जातं, हे झाडीपट्टीत कुणाला समजावून सांगायला नको. पण टॉर्च रायफलीवर लावली की जे पाहायचं त्याच्यावर आधी नळी रोखली जाते. अंधारात धुऱ्यावरून येणारं काळं काहीतरी डुक्कर असेल, तसंच ते शेजारचा जागल्या असेल, पहाटे मोह वेचायला निघालेली बाई असेल, लोटा घेऊन निघालेलं पोर असेल. म्हणून शोधायचा उजेड दुसऱ्या माणसाच्या हातात हवा. तो म्हणेल "डुक्करच आहे", तेव्हाच रायफल उचलायची. ही गोळी दीड-दोन किलोमीटर जाऊ शकते. आपली शेतं सपाट, मागे गाव. मचाणावरून खाली, मातीत जाईल अशीच गोळी झाडायची, आडवी कधीच नाही. हे पाळलं तर रायफलीवरच्या टॉर्चचं काम फार थोडं उरतं, आणि रेलचं त्याहून थोडं.

आणि वनविभागाची लेखी परवानगी नसेल तर यातलं काहीच करायचं नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायची परवानगी कलम ११ खाली मिळते, पण ती अर्ज करून आणि अटींसह.

इथवर पोराला उत्तर झालं. पुढचं आपल्या सगळ्यांसाठी.

१९५९ चा शस्त्र कायदा पीकरक्षणाला मान्यता देतो. त्यासाठी भरमार बंदुकीचा परवाना देण्याची त्यात स्पष्ट तरतूद आहे, आणि भरमार पुरी पडत नसेल तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. म्हणजे पिकासाठी बंदूक ही चैन नाही, हे कायद्यालाच मान्य आहे. मग विधानसभेच्या मतदानाच्या तारखा पाहा. २०१४ ला १५ ऑक्टोबर. २०१९ ला २१ ऑक्टोबर. २०२४ ला २० नोव्हेंबर. तिन्ही वेळा धान निसवून पिकायचा, कापायचा काळ. आचारसंहिता लागली की ठाण्यातून निरोप येतो, हत्यार जमा करा. निकाल लागून, आचारसंहिता उठून, बंदूक घरी येईस्तोवर डुक्कर जेवून गेलेलं असतं. माझी स्वतःची एकदा परत आली तेव्हा नळीत गंज होता. पावतीवर "सुस्थितीत" लिहिलेलं.

जमा करूच नका असं मी म्हणत नाही. गडचिरोलीने बंदुकीच्या जोरावर काय काय सोसलंय ते आपण पाहिलंय. तिथल्या गावकऱ्यांनी आपल्या भरमार बंदुका आपणहून पोलिसांच्या हवाली केल्या, ते उगाच नाही. निवडणुकीत दारू आणि भांडणं कुठे होत नाहीत? पण निवडणूक आयोगाच्याच सूचनांप्रमाणे जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांची छाननी समिती असते, आणि कोणाचं हत्यार जमा करायचं ते तिने प्रकरणागणिक पाहायचं असतं. स्पर्धेत उतरणाऱ्या नेमबाजांना सूट मिळते. मग ज्याच्यावर एकही गुन्हा नाही आणि ज्याच्या परवान्यावर पीकरक्षण लिहिलंय, त्याचं नाव समितीपुढे वेगळं का जात नाही? निदान कापणीपुरतं?

काही जण म्हणतील, हा बंदुकीची वकिली करतोय, वाघांच्या जिल्ह्यात. मला उलट वाटतं. बंदूक ठाण्यात गेली म्हणून माणूस पीक सोडून देत नाही. तो कुंपणाच्या तारेत वीज सोडतो. तार डुकराला ओळखत नाही. तिला वाघ लागतो, बैल लागतो, शेजारचा शेतकरी लागतो, कधी ज्याने लावली तोच लागतो. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत असं किती वेळा झालं ते इथे वाचणाऱ्यांना माहीत आहे. सौर कुंपण आणि चार घरांची मिळून जागल यांनी जास्त काम होतं, हेही खरं. बंदूक त्यानंतरची गोष्ट. पण ती लागलीच, तर उजेडात, परवानगीने, ओळखीच्या माणसाच्या हातात असलेली बरी, की रात्री गुपचूप टाकलेली तार बरी?

पीकरक्षणाचे परवाने छाननीत वेगळे पाहावेत, आणि ठाण्यात जमा हत्यार कोरड्या जागी तेल लावून ठेवावं, एवढ्या दोन मागण्यांचं निवेदन जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचं ठरवलंय. पुढची आचारसंहिता लागायच्या आत. ज्यांच्याकडे २०१९ आणि २०२४ च्या जमा-पावत्या आहेत त्यांनी झेरॉक्स काढून ठेवा. जमा केल्याची आणि परत मिळाल्याची तारीख, दोन्ही लागतील. नाव, परवाना क्रमांक इथे कमेंटमध्ये टाकू नका, मला वेगळा मेसेज करा.

पोराचा काल फोन आला होता. रेलची ऑर्डर रद्द केली म्हणे. जवसाचं तेल कच्चं लावायचं की उकळून, ते विचारत होता. उकळलेलं, बापा. पातळ हात मार, आणि एक हात वाळल्याशिवाय दुसरा देऊ नको.