ठरलेले उत्तर नको

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हटला की काळ्या बाइंडिंगची फाइल डोळ्यांसमोर येते. विषय मागच्या तुकडीचा, आकडे आठ दिवसांत गोळा केलेले आणि निष्कर्ष पहिल्याच दिवशी ठरलेला. रमजान आला की शरीरक्रियाशास्त्राचे विद्यार्थी हमखास ‘रोजाचे आरोग्यविषयक फायदे’ हा विषय घेतात. वीस-पंचवीस मित्रांची वजने लिहिली जातात आणि फायदे सिद्ध होतात! उत्तर आधीच ठाऊक असेल तर शोधायचे काय? शिवाय रोजा ही इबादत आहे. वजन उतरावे म्हणून कोणी तो ठेवत नाही. तिला प्रयोगशाळेच्या शिफारसपत्राची गरज नाही.

विद्यार्थ्याने संशोधन कसे करावे, याचा दाखला मधुमेहाच्याच इतिहासात आहे. पॉल लँगरहॅन्स हा बर्लिनमधला वैद्यकीचा विद्यार्थी. १८६८ साली, वयाच्या २१व्या वर्षी, त्याला त्वचेत फांद्या फुटल्यासारख्या पेशी दिसल्या. त्या मज्जातंतूंच्या असाव्यात, असे त्याने लिहिले. ते चुकले. त्या रोगप्रतिकारशक्तीच्या पेशी निघाल्या, पण तोवर शतक उलटले होते. पुढच्याच वर्षी पदवीच्या प्रबंधासाठी स्वादुपिंड तपासताना त्याला पेशींचे छोटे छोटे पुंजके दिसले. त्यांचे काम काय, हे आपल्याला माहीत नाही, असे त्याने सरळ कबूल केले. पुढे त्यांना ‘लँगरहॅन्सची बेटे’ हे नाव मिळाले आणि इन्सुलिन तिथेच तयार होते हे कळले. १९२१च्या उन्हाळ्यात टोरंटोत बँटिंगच्या हाताखाली कुत्र्यांच्या रक्तातली साखर मोजणारा चार्ल्स बेस्टही २२ वर्षांचा, नुकताच पदवीधर झालेला. लँगरहॅन्स मात्र १८८८मध्येच वारला होता. पाहिले तेवढेच लिहिण्याची त्याची रीत मात्र कामी आली.

ती रीत वापरायला रमजानसारखी संधी नाही. एरवी शेकडो माणसांना रोज तेरा तास अन्नपाण्याविना ठेवायला कोणती प्रयोगशाळा धजेल? इथे अख्खा मोहल्ला स्वखुशीने महिनाभर एकाच वेळापत्रकावर चालतो. सहरीनंतर काही तास पोटातल्या अन्नावर निघतात, मग यकृतातली साठवलेली साखर कामी येते, आणि दिवस कलतो तसे शरीर चरबीकडे वळते. तरावीह आणि सहरीमुळे झोपेचे दोन तुकडे होतात. कॉलेजातल्या मुलीला दुपारच्या तीनच्या तासाला डुलकी लागते ती भुकेमुळे, पाण्याच्या कमतरतेमुळे की अपुऱ्या झोपेमुळे? प्रश्न साधा आहे, पण उत्तर काढताना नाकी नऊ येतील. त्यात रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. फेब्रुवारीतल्या रोजाचे आकडे मे महिन्यातल्या रोजाशेजारी तसेच मांडता येत नाहीत, हे ध्यानात आले तरी विद्यार्थी अर्धे शास्त्र शिकला.

खरी निकड मात्र घरातल्या मधुमेहींची आहे. २००१ साली १३ देशांतल्या १२ हजारांहून अधिक मधुमेहींची पाहणी झाली. टाइप दोनच्या रुग्णांपैकी सुमारे ७९ टक्के लोकांनी रमजानात किमान पंधरा रोजे ठेवले होते आणि त्यांच्यात साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रमाण एरवीच्या साडेसात पट आढळले. कुरआनने आजाऱ्याला सवलत दिली आहे, हे सगळ्यांना ठाऊक असते. तरी अब्बा रोजा सोडत नाहीत आणि डॉक्टरांना सांगतही नाहीत. सकाळची गोळी सहरीला घ्यायची की इफ्तारला, हे स्वतःच ठरवतात. बोट टोचून साखर तपासली तर रोजा मोडत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. साखर ७०च्या खाली गेली तर रोजा तिथेच सोडावा, असे डॉक्टर सांगतात. या दोन गोष्टी आपल्या गल्लीत किती जणांना माहीत आहेत? दवाखान्यात गप्प बसणारी खाला शेजारच्या मुलीला सगळे सांगते. पदवीच्या विद्यार्थिनीकडे एवढी एकच गोष्ट अशी आहे, जी मोठ्या संशोधकाकडे नाही.

म्हणूनच जबाबदारीही तिची. ओळखीचा फायदा घेऊन नाव-आजार फाइलमध्ये लिहायचे नाहीत, संमती लेखी घ्यायची, आणि इफ्तारच्या आधी कुणाची साखर ५८ दिसली तर आकडा नंतर टिपायचा, आधी खजूर हातात द्यायचा. तीस जणांच्या पाहणीवरून ‘मुस्लिम समाजात’ अशी वाक्येही लिहू नयेत. काहीच फरक आढळला नाही तर तसे लिहावे. त्याचे गुण कापणाऱ्या परीक्षकांना मात्र आवरायला हवे!

पैशांची अडचण खरी आहे, पण वाटा अगदीच बंद नाहीत. वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची दोन महिन्यांची छात्रवृत्ती १९७९पासून आहे, विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ स्पर्धेत पदवीचे विद्यार्थीही उतरतात. वांधा होतो तो वेळेचा. चंद्र दिसला की विषय सुचतो, आणि मग तुलनेसाठी रोजांआधीचे एकही माप हाती नसते. पहिले माप शाबानमध्ये घ्यायचे, शेवटचे ईदनंतर महिन्याने. नैतिकता समितीची परवानगी मिळायला लागणारा वेळ धरला, तर पुढच्या रमजानचा अर्ज यंदाच्या बकरी ईदच्या सुमारासच लिहायला घ्यावा लागेल.