घराची वॉरंटी विकत घ्यावी का?

भांडुपच्या डोंगरउतारावरील चाळी सोडून इमारतीत राहायला गेलेली बरीच कुटुंबे आज आपल्यात आहेत. कोणी कर्ज काढून लालबहादूर शास्त्री मार्गाच्या आसपास वन रूम किचन घेतले, कोणाला झोपडपट्टी पुनर्वसनात खोली मिळाली. नवे घर म्हटले की फ्रीज आला, टीव्ही आला, पाणी शुद्ध करायचे मशीन आले. दुकानात बिल फाडता फाडता विक्रेता विचारतो, "दोन वर्षांची जादा वॉरंटी टाकू ना?" आपण मान हलवतो, आणि हप्ता वाढतो.

अमेरिकेत तर घराचीच वॉरंटी विकतात. वर्षाला ठरलेली रक्कम भरायची. नळ, वायरिंग, फ्रीज बिघडला की कंपनी माणूस पाठवते. पण माणूस आला की दर खेपेला वेगळी फी, आणि बिघाड आधीपासूनचा होता किंवा निगा नीट राखली नव्हती असे म्हटले की दावा नामंजूर. आपल्याकडे हाच माल जादा वॉरंटी आणि वार्षिक देखभाल करार या नावांनी येतो.

मी कारकून माणूस, आधी बेरीज करून पाहतो. समजा फ्रीज १८ हजारांचा आणि जादा वॉरंटी २ हजारांची. टीव्ही, वॉशिंग मशीन, पाण्याचे मशीन धरले तर घरामागे सहा-सात हजार सहज जातात. कागद वाचावा तर दाराचे रबर, बल्ब, प्लास्टिकचे भाग बहुधा वगळलेले. 'कॉम्प्रेसरवर दहा वर्षे' याचा अर्थ फक्त कॉम्प्रेसरच्या डब्यावर दहा वर्षे. गॅस भरणे आणि मेकॅनिकची मजुरी बहुतेक वेळा आपल्याच खिशातून. पोराच्या चेंडूने टीव्ही फुटला तर तो बिघाड नव्हे, अपघात. साध्या वॉरंटीत तो बसत नाही.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. तेच सहा-सात हजार वेगळ्या खात्यात किंवा बचत गटात दुरुस्तीसाठी म्हणून ठेवा. काही बिघडले नाही तर पैसे आपलेच. अपवाद मोठ्या टीव्हीचा. त्याचा पॅनल गेला तर खर्च फार येतो. पॅनल धरलेला आहे असे कागदावर स्पष्ट लिहिले असेल आणि तेवढा खर्च एकदम निघणार नसेल, तर घ्यायला हरकत नाही. कंपनीने हात वर केले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पाच लाखांपर्यंत किमतीच्या वस्तूसाठी जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, वकील करावाच लागतो असेही नाही.

आता खुद्द घराकडे वळू. येथे एक वॉरंटी कायद्यानेच फुकट दिलेली आहे, आणि नेमकी तीच आपण वापरत नाही. २०१६ च्या रेरा कायद्याचे कलम १४ सांगते की ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करावा; न केल्यास भरपाई द्यावी. महाराष्ट्राच्या १९६३ च्या मोफा कायद्यातही अशी तरतूद आहे, तिची मुदत तीन वर्षांची.

'नजरेस आणून देणे' या शब्दांपाशी आपली माणसे फसतात. ओळखीच्या एका कुटुंबाने स्वेच्छानिवृत्तीचे सगळे पैसे घालून घर घेतले. दुसऱ्याच पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीला ओल आली. बिल्डरचा सुपरवायझर म्हणाला, "पाऊस संपू द्या काका, करून देतो." पुढच्या वर्षी तो म्हणाला, वॉटरप्रूफिंगवाला गावी गेलाय. असे चार पावसाळे गेले. सगळे तोंडी, एकही कागद नाही. काकांनी पत्र लिहायला घेतले तेव्हा ताब्याला पाच वर्षे उलटून गेली होती. आता बिल्डर विचारतो, पाच वर्षांत तुम्ही कळवल्याचा पुरावा दाखवा. घरात दम्याची सून आहे आणि पलंग दर जूनमध्ये भिंतीपासून ओढून घ्यावा लागतो.

यावर कोणी म्हणेल, मग विमा काढू. विमा वेगळा. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. आग, पूर, दरड यांसाठी ती आहे, आणि डोंगराखाली राहणाऱ्या भांडुपकराने तिची चौकशी अवश्य करावी. पण सदोष बांधकामाचे नुकसान तिच्यात बसत नाही. ती जबाबदारी फिरून बिल्डरवरच येते.

पुनर्वसन इमारतीतील बांधवांचे थोडे निराळे. ती खोली विकत घेतलेली नसते, म्हणून रेरावर विसंबून राहू नये. त्यांनी सोसायटीच्या लेटरहेडवर बिल्डरला आणि वांद्रे पूर्वच्या झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाला एकाच वेळी लिहावे. शिवाय बिल्डरने प्रत्येक खोलीमागे देखभालीसाठी ठेव भरायची असते. मूळ नियमात ती २० हजार होती, पुढे वाढवली. आपल्या इमारतीची ठेव भरली का, तिचे व्याज सोसायटीला मिळते का, हे कमिटीला विचारा. मिटींगला जायचा कंटाळा करू नका.

या पावसाळ्यात भिंतीवर डाग दिसला तर त्याच आठवड्यात तारखेसह फोटो काढा. ताबापत्र शोधून पाच वर्षे कधी संपतात ते पाहा. साध्या मराठीत पत्र लिहा: ताब्याची तारीख, दोष कोठे, पहिल्यांदा कधी दिसला, ३० दिवसांत दुरुस्त करून द्या. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले, म्हणून स्पीड पोस्टानेच पाठवा आणि पोचल्याचा पुरावा मागून घ्या. पत्राची प्रत आणि पावती ताबापत्राच्याच पिशवीत ठेवा. बिल्डर हलला नाही तर महारेराकडे तक्रार करता येते. तिची फी पाच हजार रुपये आहे.