काचेतला समुद्र

हौसेला मोल नसते, असे म्हणतात. परंतु ज्या हौसेत दुसऱ्या जिवाचे जगणे-मरणे गुंतलेले असते, तिला पूर्वतयारी मात्र फार लागते. काचेच्या लहानशा पेटीत खारे पाणी भरावे, त्यात प्रवाळांचे वैभव फुलवावे आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरविणारी विदूषक माशांची जोडी खेळवावी, ही हौस अशांपैकीच होय.

प्रवाळ हा रंगीत दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. तो असंख्य इवल्या प्राण्यांचा समूह असतो. उष्ण समुद्रातील पुष्कळशा प्रवाळांच्या शरीरात अतिसूक्ष्म शैवाल वास करते. ते प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करते आणि त्याचा मोठा वाटा आपल्या यजमानाला देते. म्हणून अशा प्रवाळांना भरपूर उजेड हवा, खेळते पाणी हवे आणि त्या पाण्याची ऊब व खारेपणा सदैव सारखा हवा. समुद्र अफाट असल्यामुळे हे स्थैर्य तेथे सहज लाभते. घरातील पेटीत मात्र ते माणसाला प्रयत्नपूर्वक राखावे लागते.

लहान पेटी म्हणजे थोडे काम, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती साफ चुकीची आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागेच राहतात. २०० लिटरच्या पेटीतून एक लिटर पाणी उडून गेले, तर दोनशेवा भाग कमी झाला. २० लिटरच्या पेटीतून तेवढेच पाणी उडाले, तर विसावा भाग कमी झाला. पहिल्या पेटीतील जिवांना तो फरक जाणवणारही नाही. दुसऱ्या पेटीत मात्र पाणी एकदम अधिक खारट होईल. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी रोज शुद्ध गोडे पाणीच घालावे लागते, खारे नव्हे. समुद्र जितका लहान, तितकी राखणाऱ्याची जबाबदारी मोठी.

तेव्हा पेटी आणण्यापूर्वीच काही प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढणे हिताचे आहे. ६० लिटर पाण्याचेच वजन ६० किलोहून अधिक भरते; त्यात काच, वाळू आणि दगड यांची भर पडते. हा भार मेज पेलील काय? त्या पाण्यासाठी सुमारे दोन किलो क्षार लागतील. त्यांचा आणि दिव्यांचा खर्च दरमहा झेपेल काय? रात्री वीज गेली आणि पंप थांबला, तर पाण्यात हवा कशी मिसळणार? दिवाळीच्या सुटीत घरची मंडळी गावी गेली, तर रोजचे पाणी कोण घालणार?

याहून कठीण असते ते थांबणे. प्राण्यांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया हे विष तयार होते. काही जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात, तर दुसरे जिवाणू त्या नायट्राइटपासून बरेच सौम्य असे नायट्रेट बनवितात. या उपकारक जिवाणूंची वस्ती दगडांवर आणि वाळूत वाढावयास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पेटीत मासा सोडू नये. ‘पेटी आणली त्याच दिवशी ती भरून टाकली तर काय बिघडले?’ असे उतावळ्या मनाला वाटते. पण तो उतावळेपणा माणसाला भोवत नाही, मुक्या माशाला भोवतो.

नियोजनातील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे : हे जीव आणावयाचे कोठून? इंग्लंडच्या इतिहासात याविषयी मोठा धडा आहे. १८४६ साली ॲना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून लंडनला प्रवाळ नेले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांच्या घरी उघड्या खिडकीपाशी ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुनःपुन्हा ओतले जाई. अशा चिकाटीनेच ते प्रवाळ जगले. पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि निसर्गशास्त्रज्ञ फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकांनी घरोघर ही आवड पसरविली. हौशी लोकांच्या झुंडी किनाऱ्यावर लोटल्या आणि खडकांतील सुंदर डबकी ओरबाडली गेली. गॉस यांना त्याचे अतीव दुःख झाले, असे त्यांच्या पुत्राने १९०७ मध्ये लिहून ठेवले आहे. चिकाटी एकीची होती. हव्यास हजारांचा ठरला.

आपल्याकडे मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळ आहेत. चुनखडीचा सांगाडा उभारणाऱ्या सर्व दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाइतकेच संरक्षण दिलेले आहे. ते तोडणे वा विकणे हा गुन्हा आहे, आणि तसे असणे योग्यच आहे. मग हौस सोडून द्यावी काय? मुळीच नव्हे. घडविलेले कृत्रिम खडक वापरून समुद्रतळाचा देखावा उभारता येतो. विदूषक माशांची पैदास हौदात करण्याचे तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने विकसित केले आहे. असे हौदात जन्मलेले मासे आणले, म्हणजे समुद्रातून एकही जीव हिरावून घ्यावा लागत नाही.

समुद्राचे रूप घरी आणावे, पण समुद्राला उणे करून आणू नये. सहा आठवडे रिकाम्या पाण्याची निगा जो आनंदाने राखतो, त्याच्याच हाती मुका जीव सुखरूप राहतो.