रस्त्यालाही थकवा येतो

शाहपूर-इच्छापूर रस्त्याने केळीचे ट्रक खानदेशात उतरतात. एक ट्रक गेला की डांबराचा थर केसभर वाकतो व पुन्हा सरळ होतो. एकाने काही बिघडत नाही. लाखो वेळा वाकल्यावर मात्र थराच्या बुडाशी बारीक चीर पडते, ती वर येते आणि रस्त्यावर मगरीच्या पाठीसारखे जाळे दिसू लागते. हाच रस्त्याचा थकवा. आपण दोष पावसाला देतो. पाऊस बिचारा मागाहून येतो.

हल्ली कोमट डांबरमिश्रणाचा बोलबाला आहे. नेहमीचे मिश्रण दीडशे अंशांच्या वर तापवावे लागते. मेण किंवा एखादे रसायन मिसळले की वीस-तीस अंश कमी तापवून भागते. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१४ साली त्यासाठी मार्गदर्शिकाही काढली. इंधन कमी, धूर कमी. भर मे महिन्यात त्या वाफेत उभा राहणारा मजूर डोळ्यांपुढे आणला, तर तेवढ्या एका कारणासाठीही मी हे मिश्रण पत्करीन.

पण ‘शिवाय जास्त टिकाऊ’ हा दावा सरसकट मान्य करता येत नाही. कमी तापल्याने डांबर लवकर म्हातारे होत नाही, लवचीक राहते, हे खरे. उलट मेण निवल्यावर थराला ताठ करते. जाड थर ताठ असला तर वाकतोच कमी. पातळ थर मात्र वाकणारच, आणि ताठ वस्तू वाकवली की तडकते. त्यातून आपल्याकडे खाली काळी माती, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी! कमी तापलेल्या खडीत ओल राहिली, तर डांबर खडीला सोडते ते वेगळेच.

काँग्रेसच्या २०१८ च्या सूत्राप्रमाणे, बाकी सारे तेच ठेवून, बुडाशी बसणारी ओढ एक-पंचमांशाने वाढली की थराचे आयुष्य निम्मे होते. त्याच वर्षी ट्रकच्या चार चाकांच्या एकेरी आसावरील कायदेशीर भार १०.२ वरून ११.५ टनांवर गेला!

तेव्हा नुसता धूर पाहून निवड करू नये. ज्या खाणीचा काळा दगड वापरायचा, त्याच खडीच्या ३८० मि.मी. लांबीच्या तुळया, द्रव्य घालून व न घालता, पाडाव्यात. त्या यंत्रावर वाकवून ताठपणा निम्मा होईपर्यंतच्या फेऱ्या मोजाव्यात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना यात चांगले काम आहे. निविदेत तापमानाच्या जोडीने या फेऱ्यांची अट घालावी, आणि चाचणीचा खर्च रस्त्याच्या खर्चातच धरावा.