सर्बियाचे चार ‘स’



बरेच दिवस लिहिणं झालं नाही. विषय मात्र मनात घोळत होता. जरा लांबचा आहे, तेव्हा कंटाळू नका.

२०२३ च्या मे महिन्यात मी नातवाबरोबर टीव्हीवर फ्रेंच ओपन बघत होते. जोकोविच पहिली मॅच जिंकला आणि तिथल्या पद्धतीप्रमाणे कॅमेऱ्याच्या काचेवर सही करायला आला. सहीबरोबर त्याने एक वाक्यही लिहिलं, मधे एक बदाम काढला. नातू म्हणाला, “आजी, काय लिहिलंय गं?” मला कुठली सर्बियन भाषा यायला! मग बातम्यांत आलं : ‘कोसोवो हे सर्बियाचं हृदय आहे. हिंसाचार थांबवा.’ त्यावरून गदारोळही झाला. कोसोवोने २००८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं आणि सर्बियाने ते अजून मान्य केलेलं नाही, त्यामुळे तो होणारच होता.

मला मात्र वेगळ्याच गोष्टीची टोचणी लागली. इतकी वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला आणि सर्बिया एका दमात उरकला. २८ जून १९१४, साराजेव्हो, प्रिन्सिपने ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळी झाडली, सुरू झालं पहिलं महायुद्ध, पुढचा धडा काढा! १३८९ च्या कोसोवोच्या लढाईचा स्मरणदिनही तोच, २८ जूनच, हे मी एकाही वर्गाला सांगितलं नाही. तेव्हापासून जमेल तसं वाचते आहे. वाचता वाचता त्यांच्या घोषणांशी येऊन अडकले.

सर्वांत प्रसिद्ध घोषणा म्हणजे ‘सामो स्लोगा स्र्बिना स्पासावा’, केवळ एकीच सर्बांना तारते. चारही शब्द ‘स’चे, बघा हं. सर्बियाच्या राजचिन्हात एक क्रूस आहे आणि त्याच्या चार कोपऱ्यांत चार आकृत्या. लोक त्यांना हेच चार ‘स’ समजतात. (त्यांच्या लिपीत ‘स’ अर्धचंद्रासारखा काढतात.) खरं तर ती अक्षरं नाहीतच. ती ठिणगी पाडायची चकमकीची पोलादं आहेत, आणि हे चिन्ह आलं बायझंटाईन बादशहांकडून. घोषणाही लोक तेराव्या शतकातल्या संत सावांची मानतात, पण प्रत्यक्षात ती एकोणिसाव्या शतकात रूढ झाली.

आणि त्या शतकात एकी कशी होती म्हणाल, तर तुर्कांविरुद्ध १८०४ मध्ये पहिला उठाव करणारा काराजॉर्जे १८१७ मध्ये मारला गेला तो दुसऱ्या उठावाचा नेता मिलोश ओब्रेनोविच याच्या हुकमाने. त्याचं शिर सुलतानाकडे पाठवलं गेलं. दोन्ही घराण्यांचं वैर पुढे जवळजवळ शंभर वर्षं चाललं. १९०३ मध्ये ओब्रेनोविच घराण्याचा राजा आणि राणी राजवाड्यातच मारली गेली, तीही स्वतःच्याच सैन्यातल्या अधिकाऱ्यांकडून. घरात जे नाही, त्याचाच जप माणूस मोठ्याने करतो!

म्हणून मी एक साधी कसोटी लावून बघते. घोषणा देणारा स्वतःचं काय पणाला लावतो? की आयजीच्या जिवावर बायजी उदार?

७ ऑक्टोबर १९१५ ला बेलग्रेडवर जर्मन-ऑस्ट्रियन सैन्य चालून आलं होतं. मेजर द्रागुतिन गाव्रिलोविचने आपल्या सैनिकांना सांगितलं की वरिष्ठांनी आपली पलटण पटावरून केव्हाच पुसली आहे, तेव्हा आता जिवाची काळजी करायचं कारणच उरलं नाही. ‘राजासाठी, मातृभूमीसाठी’ म्हणत तो त्यांच्याबरोबर स्वतः पुढे गेला आणि जबर जखमी झाला. पटो न पटो, माणूस कसोटीला उतरतो.

२७ मार्च १९४१ ला बेलग्रेडच्या रस्त्यांवर लोक ओरडत होते, ‘बोल्ये रात नेगो पाक्त, बोल्ये ग्रोब नेगो रोब’. हिटलरशी करार करण्यापेक्षा युद्ध बरं, गुलामीपेक्षा थडगं बरं. दहाच दिवसांनी, ६ एप्रिलला, जर्मन विमानांनी शहर भाजून काढलं. हजारो माणसं गेली, राष्ट्रीय ग्रंथालय जळून खाक झालं. ओरडणाऱ्यांनीच किंमत मोजली. पण न ओरडणाऱ्यांनीही मोजली, हेही विसरता येत नाही.

१९४२ च्या २२ मे रोजी वाल्येवो गावात स्त्येपान फिलिपोविच या सव्वीस वर्षांच्या तरुणाला फाशी दिलं. गळ्यात दोर असताना दोन्ही हात उंचावून तो ओरडला, ‘फॅसिझमला मृत्यू, जनतेला स्वातंत्र्य!’ तो फोटो जगभर गेला. गाव सर्बियातलं, पण मुलगा क्रोएशियन, ओपुझेन या गावचा. वाल्येवोत त्याचा भव्य पुतळा आजही उभा आहे. त्याच्या जन्मगावचा पुतळा १९९१ मध्ये, युगोस्लाव्हिया फुटत असताना, पाडला गेला.

त्याच नव्वदच्या दशकात ते चार ‘स’ परत आले, क्रोएशिया-बोस्नियातल्या दुसऱ्यांच्या घरांच्या भिंतींवर, रंगाने फासलेले. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात आठ हजारांवर मुसलमान पुरुष आणि मुलगे मारले गेले. १९९९ मध्ये नाटोने ७८ दिवस बॉम्बफेक केली, त्यात साधे सर्ब नागरिकही गेले. एकी कुणाला तारून गेली? घोषणा वाईट नव्हती हो. पण एकी कशासाठी, हे तिच्यात कुठेच लिहिलेलं नाही. ज्याच्या हातात रंगाचा डबा, तो ठरवणार.

आणि मग १ नोव्हेंबर २०२४. नोव्ही साद शहरात नुकत्याच नूतनीकरण झालेल्या रेल्वे स्थानकाचं काँक्रीटचं छत सकाळी ११ वाजून ५२ मिनिटांनी कोसळलं. मृतांचा आकडा पुढे सोळावर गेला. कॉलेजची मुलं रस्त्यावर आली. घोषणा होत्याच, ‘तुमचे हात रक्ताने माखलेत’ ही मुख्य. पण मला भावलं ते दुसरंच. बरोबर ११.५२ ला मुलं रस्त्यात उभी राहायची, पंधरा मिनिटं, एकेका मृतासाठी एकेक मिनिट. मृत वाढला तसं मिनिटही वाढवलं. त्या मुलांवर हल्ले झाले, तरी ती उभी राहिली.

माझ्या शाळेत प्रभातफेरीला मीच पुढे राहून घोषणा द्यायचे आणि मागून पोरं घसा फुटेस्तोवर ओरडायची. अर्थ विचारायची आम्ही त्यांना कधी संधी दिली नाही. नातवाने विचारला, म्हणून हे सगळं वाचणं झालं.

असो. बरंच लांबलं. आमच्या नात्यातले कुणी तिकडे जाऊन आले असतील, तर जरूर कळवा. आणि मी शिकवलेला कुणी विद्यार्थी हे वाचत असेल, तर बाळांनो, सर्बियाचा धडा अर्धाच झाला होता. उरलेला हा असा.