पीक वाढले म्हणून भूक हटत नाही

भूक हटवायची तर धान्य जास्त पिकवा, हे मत बियाणे-खत कंपन्यांपासून आंतरराष्ट्रीय परिषदांपर्यंत सगळीकडे ऐकू येते. ते टाकाऊ नाही. हरित क्रांती झाली नसती तर आपल्याला अमेरिकी गव्हाच्या जहाजांची वाट पाहत आणखी बरीच वर्षे काढावी लागली असती. पण आजचे दुखणे वेगळे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२४ मध्ये सुमारे ६७.३ कोटी माणसे अर्धपोटी होती, आणि जगात सर्वांना पुरून उरेल एवढे अन्न तेव्हाही पिकत होते.

ब्राझीलचे उदाहरण घ्या. सोयाबीन, साखर आणि गोमांस यांच्या निर्यातीत हा देश अग्रभागी आहे, तरी तिथली गरिबांची घरे उपाशी असत. २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष लुला यांनी ‘शून्य भूक’ मोहीम हाती घेतली. गरीब कुटुंबाला दरमहा रक्कम मिळू लागली, तीही बहुतेक ठिकाणी आईच्या नावावर; अट अशी, की मुलांनी शाळेत जावे आणि लसी टोचून घ्याव्यात. २००९ च्या कायद्याने शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतून किमान ३० टक्के खरेदी छोट्या शेतकरी कुटुंबांकडून करणे बंधनकारक केले. शाळेच्या स्वयंपाकघरात भाजी, कडधान्य पोचवणाऱ्या शेतकऱ्याला हक्काचे गिऱ्हाईक मिळाले. २०१४ मध्ये देशाचे नाव संयुक्त राष्ट्रांच्या भूक-नकाशावरून निघाले. पुढे २०१९ च्या जानेवारीत नव्या सरकारने येताच राष्ट्रीय अन्नसुरक्षा परिषद मोडीत काढली, छोट्यांकडील खरेदीचा पैसा आटला, त्यावर महामारी कोसळली, आणि ब्राझील पुन्हा नकाशावर आला. सोयाबीनचे पीक मात्र त्याच काळात नवे उच्चांक गाठत होते! परिषद २०२३ मध्ये पुन्हा उभी राहिली, योजनांना बळ मिळाले आणि २०२५ मध्ये नाव पुन्हा निघाले. जमीन तीच आणि शेतकरीही तेच. बदलले ते सरकारचे धोरण.

यावर हमखास आक्षेप येतो, की सरकारने असा पैसा दिल्याने माणसे आळशी होतात. महाराष्ट्रातल्या १९७२ च्या दुष्काळात पीक बुडाले होते. तेव्हा पन्नास लाखांच्या आसपास माणसे दुष्काळी कामांवर आली, भर उन्हात खडी फोडली, पाझर तलाव खोदले. मजुरी हातात पडली म्हणून बाहेरचे धान्य गावापर्यंत आले आणि मोठी मनुष्यहानी टळली. त्या कामांतूनच रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. आळसाचा आरोप करणाऱ्यांनी ही माणसे डोळ्यांपुढे आणावीत.

लोकसंख्या वाढणार, हवामान बिघडणार, तेव्हा उत्पादन हवेच, हा आक्षेप मला मान्य आहे. प्रश्न आहे तो कोणाच्या शेतात, याचा. जगातल्या उपाशी माणसांत अल्पभूधारक मोठ्या संख्येने आहेत. आफ्रिकेतल्या कोरडवाहू ज्वारी-बाजरीचे उत्पन्न वाढले तर त्याच घरात पोटे भरतील. निर्यातीच्या सोयाबीनने ते होणार नाही. आपल्याकडे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने धान्य हा हक्क केला, हे मोठे काम झाले; पण लाभार्थींची मर्यादा अजून २०११ च्या जनगणनेवर अडकलेली आहे. ती वाढवायला नवे बियाणे लागत नाही, सरकारने ठरवावे लागते.