पासवर्ड कोणाकडे आहे?

डोंबिवली-कल्याणच्या सोसायट्यांत कॅमेऱ्यांचा विषय निघाला की सभा दर आणि नगांवरच अडते. मला काळजी वाटते ती पासवर्डची. बसवणारा माणूस कंपनीचा मूळ पासवर्ड तसाच ठेवतो, घरबसल्या फुटेज दिसावं म्हणून राउटरचा पोर्ट उघडून देतो आणि पैसे घेऊन जातो. २०१६ मध्ये ‘मिराय’ या व्हायरसने जगभरातले असलेच कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले. त्यासाठी सुमारे ६० ठरावीक पासवर्डांची यादी त्याला पुरली. तेव्हा पासवर्ड त्या माणसासमोरच बदला आणि पोर्ट बंद करायला लावा. दुसरी गोष्ट हार्ड डिस्कची, आणि ती कोणी विचारतच नाही. २ एमबीपीएसने सतत रेकॉर्ड करणारा एक कॅमेरा दिवसाला साधारण २१.६ जीबी खातो. असे ८ कॅमेरे २ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरतात, मग जुनं पुसलं जातं. गणपतीला कोकणात गेलेलं कुटुंब पंधरवड्याने परतलं आणि स्कूटर जागेवर नसली, तर पोलिसांना दाखवणार काय? रेकॉर्डर वॉचमनच्या केबिनमध्ये जमिनीवर ठेवू नका. २६ जुलै २००५ च्या पुराचं पाणी कल्याणने पाहिलं आहे. आणि फुटेज कोणी, कधी पाहायचं हे ठरावात लिहून घ्या. कोणाकडे रात्री कोण आलं, हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवण्याचा अधिकार सेक्रेटरींनाही नाही.